लडलोच्या घरांत जहाजं शोधू नका

इंग्लंडमधल्या लाकडी घरांचा एक फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. फोटो लडलोचे, म्हणजे वेल्सच्या सीमेजवळ, श्रॉपशरमधल्या एका जुन्या बाजारगावाचे. मजकुरात चार दावे: घरं मोडीत काढलेल्या जहाजांच्या लाकडाची, वरचे मजले पुढे काढले ते जमिनीवरचा कर चुकवायला, काळा-पांढरा रंग मूळचाच, आणि बुजवलेली प्रत्येक खिडकी खिडकीकरामुळे (जितक्या जास्त खिडक्या, तितका जास्त कर).

जहाजांची गोष्ट सगळ्यांत लाडकी, म्हणून आधी तीच. लडलो समुद्रापासून चांगलंच आत, टेकडीवर वसलेलं. खालून वाहते ती टीम नदी, बंधाऱ्यांनी अडवलेली. तिथवर जहाजाचे वासे ओढून आणायचे कशाला, जेव्हा आसपासच्या रानात ओक उभा होता? ओक वाळला की हत्याराला दाद देत नाही, म्हणून सुतार तो ओलाच वापरत. कुसू (वाशाचं तासून पुढे काढलेलं टोक) आणि खाच जुळवून चौकट आधी जमिनीवर मांडायची, प्रत्येक सांध्यावर खुणेचे आकडे कोरायचे, मग सुटे भाग जागेवर नेऊन लाकडी खुंट्या ठोकून उभे करायचे. ते आकडे अनेक जुन्या घरांत अजून दिसतात. पुढे लाकूड वाळताना पीळ खातं आणि घर वाकडं दिसू लागतं. त्या वाकडेपणात जहाजाचा काही हात नाही.

'पण तुळयांना रिकाम्या खाचा आहेत ना?' आहेत. जुनं घर पाडलं की त्याचं लाकूड नव्यात जाई, किंवा मधली भिंत काढली की तिची खाच उघडी पडे. जहाजाच्या वाकड्या फासळ्या चौकोनी घराला फारशा उपयोगाच्या नसतातच. जहाजाचं लाकूड वापरलेल्या खऱ्या इमारतीही आहेत. पोर्ट्समथ बंदराजवळच्या विकम गावातली १८२० ची पिठाची गिरणी 'चेसापीक' या युद्धनौकेच्या लाकडाची, आणि लंडनच्या लिबर्टी दुकानाची १९२४ ची इमारत दोन जुन्या नौकांच्या. पण तिथे नौकांची नावं ठाऊक आहेत. फॉरवर्डमध्ये नुसतं 'जहाज'.

आता कर. इंग्लंडमध्ये घरांवरचे गाजलेले दोन कर म्हणजे १६६२ चा चूलकर आणि १६९६ चा खिडकीकर. पुढे काढलेले मजले त्या दोन्हींच्या कितीतरी आधीचे, मध्ययुगातले. शिवाय असे मजले मोकळ्या शेतातल्या घरांनाही आहेत, जिथे जागेची टंचाई नव्हती. मजला पुढे काढला की वर खोली मोठी होते, दोन मजले उंचीचे अखंड खांब लागत नाहीत, आणि रस्त्यावरून घर ऐटबाज दिसतं. गावात जागेची ओढाताण होती हे मात्र खरं. किल्ल्यापासून पूर्वेकडे पसरलेला लडलोचा रुंद बाजार हळूहळू भरत गेला: आधी मांडव, मग पक्की दुकानं, मग त्यांवर मजले. तिथल्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या का, याचं उत्तर या अतिक्रमणात आहे. (अतिक्रमण कायम कसं होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.)

काळ्या-पांढऱ्याबद्दल थोडक्यात: डांबरी काळा ही बरीचशी एकोणिसाव्या शतकातली हौस. ओक पुष्कळदा तसाच सोडत, तो रुपेरी करडा पडे. लडलोतल्या 'फेदर्स' या जुन्या हॉटेलच्या १६१९ च्या इमारतीचा फोटो फॉरवर्डवाल्यांना फार आवडतो, पण तिथे पाहायचं ते दर्शनी भागावरचं कोरीवकाम.

राहिल्या खिडक्या. इथे फॉरवर्ड अर्धा खरा आहे. तो कर १८५१ पर्यंत चालला आणि लोकांनी खिडक्या बुजवल्याच. पण लडलोच्या ब्रॉड स्ट्रीटवर अठराव्या शतकात अनेक जुन्या लाकडी चौकटींपुढे विटांचे नवे दर्शनी भाग चढवले गेले. अशा दर्शनी भागांत केवळ प्रमाणबद्धतेसाठी खोट्या खिडक्या सुरुवातीपासूनच ठेवण्याची रीत होती, कधी मागे धुराड्याची नळी असते म्हणूनही. ओळखायचं असेल तर विटा बघा. कोनाड्यातली वीट आजूबाजूच्या भिंतीसारखीच आणि तिच्यात गुंफलेली असेल, तर तिथे काच कधी नव्हतीच. वीट वेगळी आणि कडेला उभा सांधा दिसत असेल, तर खिडकी नंतर बुजवलेली. ती करापायीच बुजवली असं मात्र त्यावरूनही ठरत नाही.