युद्धात होडीला कायदा नसतो?

आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटमालकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक लांबलचक मेसेज आला आणि दोन दिवसांत हर्णे-मालवणपर्यंत पोचला. त्याचं सार असं: युद्ध जाहीर झालेलं नसलं तर जिनिव्हा करार (जखमी, कैदी आणि नागरिकांना युद्धात वाचवणारे १९४९ चे नियम) लागू होत नाहीत, भारताने त्यांचे जादा प्रोटोकॉल स्वीकारलेलेच नाहीत, ड्रोनच्या जमान्यात ते तसेही बाद झालेत, समोरचा पाळत नसेल तर आपणही बांधील नाही, आणि मच्छीमार होडी शत्रूने बिनदिक्कत बुडवली तरी चालते, 'कुबेर' (२६/११ चे हल्लेखोर जिच्यातून मुंबईकडे आले ती मच्छीमार बोट) विसरलात काय? खाली अर्थातच 'सर्वांना पाठवा'.

जाहीर करण्याचा मुद्दा चटकन संपतो. १९४९ च्या चारही करारांचं दुसरं कलमच सांगतं की एका बाजूने युद्ध मानलं नाही तरी सशस्त्र संघर्षाला करार लागू होतात. कारगिलच्या वेळी कुणी युद्ध जाहीर केलं होतं? तरी पाकिस्तानच्या हाती सापडलेले फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता आठवडाभरात रेड क्रॉसमार्फत परत आले.

ड्रोनबद्दल एवढंच, की १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अण्वस्त्रांविषयी मत देताना हे नियम मागच्या, आजच्या आणि उद्याच्या सगळ्या शस्त्रांना लागू असल्याचं म्हटलं. हत्यार नवं असेना का, ते कुणावर सोडलं हेच विचारलं जाणार.

'समोरचा मोडतो' हे खरं असू शकतं. पण करारांचं पहिलंच कलम 'सर्व परिस्थितीत' पाळायला सांगतं, समोरचा पाळेल तोवर असं नाही. भारताने १९७७ चे जादा प्रोटोकॉल, म्हणजे या करारांना जोडलेले पूरक करार, स्वीकारलेले नाहीत, हे मेसेजमधलं वाक्य मात्र बरोबर आहे. पण मूळ करारांसाठी आपल्याकडे १९६० चा कायदा आहे, आणि नागरिकांवर हल्ला करू नये हा नियम रूढीनेच सगळ्यांना बांधतो. त्याला सही लागत नाही.

आता होडीचं. १८९८ मध्ये अमेरिका-स्पेन युद्धात हवानाहून गेलेल्या 'पाकेत हबाना' आणि 'लोला' या दोन मासेमारी होड्या अमेरिकन नौदलाने पकडल्या. युद्ध लागल्याचा त्यांना पत्ताही नव्हता. एकीवर तीन माणसं, दुसरीवर सहा, आणि पोटात मासळी. लिलावात एक ४९० डॉलरला गेली, दुसरी ८०० ला. आपल्याकडे लिलाव मासळीचा होतो, तिथे होडीचाच झाला! १९०० मध्ये अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने ही जप्ती बेकायदा ठरवली आणि पैसे नुकसानभरपाईसह परत करायला लावले. किनाऱ्यालगत मासे मारणाऱ्याला सोडायचं ही रूढी न्यायालयाने थेट १४०३ च्या इंग्लंडच्या राजाच्या हुकुमापर्यंत मागे नेऊन दाखवली. १९०७ च्या हेग करारात ती लेखी आली: होडी, जाळी, सामान, मासळी, सगळ्याला सूट.

ही सूट जप्तीपासूनची आहे, आणि किनारी मासेमारीपुरतीच. खोल समुद्रातला मोठा ट्रॉलर पकडला जाऊ शकतो. पण पकडणं वेगळं आणि खलाशांसकट बुडवणं वेगळं. लढाईत भाग न घेणारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, नागरिकच असतो, मग तो पाच वाव खोल पाण्यात असो की पन्नास.

'कुबेर'चं म्हणाल, तर ती मच्छीमारांनी लढायला नेली नव्हती. हल्लेखोरांनी पळवली आणि तिच्यावरच्या तांडेलाला मारलं. १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळ शेखाडीला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांची स्फोटकं उतरली म्हणून श्रीवर्धनची प्रत्येक होडी गुन्हेगार झाली काय?

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण मला तीच जास्त टोचते. हेगच्या त्याच कलमात पुढे आहे की होडीने लढाईत कसलाही भाग घेतला की सूट संपली. शांततेत आपल्याला किनाऱ्याचे 'डोळे आणि कान' म्हणतात, संशयास्पद बोट दिसली तर कळवा म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण उद्या लढाई पेटल्यावर शत्रूच्या जहाजाची जागा आपण वायरलेसवरून नौदलाला देत राहिलो, तर त्यांच्या लेखी आपली होडी टेहळणीची ठरेल. देशासाठी कुणी तेही करेल, त्याला माझी ना नाही. पण वायरलेस उचलण्याआधी मागे जाळं ओढणाऱ्या पोरांना ते माहीत असलं पाहिजे.