पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर स्टेज टू होत नाही

मुंबईतल्या गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर तोच मेसेज पुन्हा फिरतोय. स्टेज टू, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर आणि काही पार्ट बदलून गाडीची ताकद वाढवणं, हवंय? पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करा, आरटीओत अर्ज टाका, चौदा दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली समजा. गाडीतल्या बदलांवरचा २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल फक्त बॉडीबद्दल आहे. पार्टवर ई-मार्क (युरोपातल्या मान्यतेची खूण) असेल तर अर्जही नको. पीयूसी पास म्हणजे ट्यून पास. खाली एका एजंटचा नंबर.

यातला नंबर तेवढा खरा असावा. पण मेसेज लिहिणाऱ्याने कायद्याचे तुकडे कुठून कुठून उचललेत ते बघण्यासारखं आहे.

‘उत्तर नाही म्हणजे परवानगी’ हे हवेतून आलेलं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या मूळ कलम ५२ मध्ये ही सोय खरंच होती. बदलाची सूचना द्यायची आणि सात दिवसांत आरटीओचं उत्तर आलं नाही, तर मंजुरी गृहीत. फिटिंग लावल्या-काढल्यामुळे वजन दोन टक्क्यांपर्यंत बदललं तर विचारायचीही गरज नव्हती. २००० सालच्या दुरुस्तीत हे सगळं गेलं. आताचं कलम सांगतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचाच नाही. मग चौदा दिवस कसले? ते आजही कलमात आहेत, पण कायद्यात बसणारा बदल करून झाल्यावर आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घेण्यासाठी. मेसेजवाल्याने जुन्या कलमातली गृहीत मंजुरी घेतली, नव्या कलमातली मुदत घेतली आणि दोघांचं लग्न लावून दिलं.

आता स्टॅम्पपेपर. ‘होणाऱ्या परिणामांस मी स्वतः जबाबदार राहीन’ असं लिहून नोटरीचा गोल शिक्का मारला, म्हणून आरटीओच्या अधिकाऱ्याला नसलेला अधिकार मिळत नाही. तुम्ही मात्र बेकायदा बदलाची कबुली सहीनिशी देऊन बसता. एजंट जो कागद आणून देतो तो बहुतेक वेळा फी भरल्याची पावती असतो. परिवहनच्या पोर्टलवर वाहनातील बदलासाठी अर्जाची सोय आहे, त्यामुळे पावती अस्सल असते, पण ती परवानगी नव्हे. ताडदेव असो, अंधेरी, वडाळा की बोरिवली, एजंटला एकच विचारा: बदल आरसीवर चढवून देणार का? लगेच हात वर होतात.

२०१९ चा निकाल बॉडीबद्दल होता, हे अर्धं खरं. वाद केरळमधल्या गाड्यांच्या बॉडीतल्या बदलांचा होता. हायकोर्टाने मोकळीक दिली होती. ९ जानेवारी २०१९ ला न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने ती रद्द केली. पण निकालाचा पाया आहे कलम ५२, आणि २००० च्या दुरुस्तीचा हेतू कोर्टाने स्पष्ट सांगितलाय: कुठल्याही प्रकारचा बदल रोखणं, जास्त क्षमतेचे टायर बसवणंसुद्धा. बोनेटखालचं त्यातून सुटतं असं म्हणायला जागा कुठे आहे? आरसीचं कार्ड उलटून बघा. नव्या कार्डांवर क्युबिक कपॅसिटीशेजारी हॉर्सपॉवरचा रकाना असतो. ११० पीएसची (हॉर्सपॉवरचंच माप) पोलो जीटी रीमॅप करून, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून, पुढे नेलीत की तो रकाना खोटा पडला.

‘पण ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) कोण डोकावतंय?’ नाक्यावरचा हवालदार नाही डोकावणार. कंपनीचं सर्व्हिस सेंटर डोकावतं. फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांना ‘टीडी१’ हा शब्द नव्याने सांगायला नको. इंजिनच्या सॉफ्टवेअरशी छेडछाड झाल्याची ती कंपनीची खूण; गाडीच्या नोंदीत एकदा बसली की इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी विसरा. विम्याचंही तेच. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला सापडला की ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) क्लेमला फाटे फुटतात.

ई-मार्क किंवा आयएसओचा कागद त्या पार्टपुरता असतो. तो पार्ट लावलेली तुमची गाडी पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेत कुणी तपासलेली नसते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर उघड मिळतो म्हणून लावता येतो, हेही खरं नाही. कलम १८२अ मध्ये मालकासाठी वेगळं पोटकलम आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे नीट वाचा. इनटेक (हवा आत घेणारा भाग), डाउनपाइप (धूर बाहेर नेणारा), रीमॅप: १५,०००.

पीयूसीबद्दल थोडक्यात. पेट्रोल गाडी उभ्या जागी तपासतात, नळकांड्यात नळी घालून, मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनसाठी. हॉर्सपॉवर मोजत नाहीत, आवाज मोजत नाहीत. कोस्टल रोडच्या बोगद्यात खिडक्या खाली करून सायलेन्सरमधून जे फटाके फोडले जातात त्यांच्यासाठी कलम १९०(२) आहे: पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स गेलं.

रीतसर होतं ते असं: रंग बदलून आरसीवर नोंद, त्याच प्रकारचं बदली इंजिन, अपंग चालकासाठी केलेले बदल, मान्यताप्राप्त किट बसवून सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी. ऑगस्ट २०२२ पासून बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही सीएनजी किट चालतं. म्हणजे टर्बो पेट्रोलला सिलिंडर लावायला कायदा हसत परवानगी देतो आणि मोठ्या इंटरकूलरला (टर्बोची हवा थंड करणाऱ्या पार्टला) नाही. मला हे मूर्खपणाचं वाटतं. जर्मनीत टीयूव्हीसारख्या संस्था बदललेली गाडी तपासून नोंद करून देतात; आपल्याकडे खासगी मालकासाठी तसं दारच नाही. भांडायचंच तर त्या दारासाठी भांडावं, आणि ते भांडण परिवहन मंत्रालयाशी आहे, आरटीओच्या खिडकीशी नाही.

तोवर ज्याला स्टेज टू हवीच आहे त्याने ती ट्रॅकपुरती ठेवावी. कोइम्बतूरचा कारी स्पीडवे आहे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. गाडी फ्लॅटबेडवर चढवून न्यायची, फ्लॅटबेडवरच परत आणायची. भाडं भरपूर पडतं.