मूल मोठं होतं, तेव्हा कॅमेरा कुठे असतो?

ऑटिझमवरचे माहितीपट मी मिळतील तिथून बघते. बहुतेकांत मूल मोठं होतच नाही. निदान होतं, आईवडील कोसळतात, मग सावरतात, थेरपी सुरू होते, मूल एक दिवस नजरेला नजर देतं आणि चित्रपट संपतो. ऑटिझम तर आयुष्यभराचा. त्या मुलाला पुढे मिशा फुटणार, कुणी तरी आवडणार, आईवडील म्हातारे होणार. ते कोण दाखवणार?

माझा आतेभाऊ ऑटिस्टिक आहे, तिशी ओलांडलेला. लहानपणी त्याला भेटायला घरी माणसं यायची, सल्ले द्यायची. आता कुणी त्याची साधी चौकशीही करत नाही. म्हणून रॉजर रॉस विल्यम्स यांचा 2016चा 'लाइफ, ॲनिमेटेड' मला इतका महत्त्वाचा वाटतो. ओवेन सस्किंड तीन वर्षांचा असताना त्याचं बोलणं थांबलं आणि पुढे डिस्नेच्या कार्टूनपटांतल्या संवादांतून घरच्यांना त्याच्यापर्यंत वाट सापडली, हा भाग सगळ्यांना आवडतो. मला भावतो तो तेविशीतला ओवेन. तो घर सोडून स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला जातो. एकटेपणाच्या पहिल्या रात्री तो 'बाम्बी' लावतो, आणि पडद्यावर बाम्बीची आई मरते. पुढे मैत्रीण त्याला सोडून जाते. त्याचं दुःख कुठल्याही तरुणाच्या दुःखासारखंच आहे, आणि चित्रपट त्याला तेवढाच मान देतो. 'बिचारा' असा सूर कुठेच लागत नाही.

हे सगळं सावरायला ओवेनपाशी माणसं आहेत आणि पैसाही. वडील नावाजलेले पत्रकार. ही बाजू विसरून 'जिद्द असली की होतं' म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

असा आधार नसला तर काय होतं, हे फ्रेंच अभिनेत्री सांद्रीन बॉनेर हिने आपल्या धाकट्या बहिणीवर, सबीनवर, केलेल्या 2007च्या माहितीपटात दिसतं. सांद्रीनने वर्षानुवर्षं घरी चित्रण केलं होतं. त्यातली तरुण सबीन पियानो वाजवते, बहिणीबरोबर न्यूयॉर्कला जाते, हसते. आणि आताची, अडतीस वर्षांची सबीन जड झालेली, संथ, मध्येच अंगावर धावून जाणारी. मधली पाच वर्षं मनोरुग्णालयात गेली, भरपूर औषधांखाली. बहीण उद्या येणार ना, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत राहते. ही पडझड ऑटिझमची नव्हे. जाणत्या माणसांची सोबत आणि राहायला योग्य जागा वेळेवर मिळाली नाही, त्याची आहे. मोठ्या वयातल्या ऑटिझमबद्दल मला याहून खरं काही पडद्यावर दिसलेलं नाही.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943च्या लेखात अकरा ऑटिस्टिक मुलांचं वर्णन केलं, त्यातला पहिला मुलगा म्हणजे अमेरिकेतल्या मिसिसिपीचा डोनाल्ड ट्रिप्लेट. त्यालाही तिसऱ्या वर्षी संस्थेत ठेवलं होतं, पण आईवडिलांनी वर्षभरात घरी परत आणलं. तो बँकेत नोकरी करायचा, गाडी चालवायचा, गोल्फ खेळायचा, जगभर हिंडला. 2023मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी गेला. बँक घरच्यांचीच होती, हेही खरं. पण गावाने त्याला त्याच्या सवयींसकट आपलं मानलं, ते पैशाने विकत मिळत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार. मूल मेल्टडाउनमध्ये असताना, कान झाकून जमिनीवर लोळत असताना, ते जवळून टिपणारे प्रसंग नकोत. प्रेक्षकांना कळावं म्हणून, असं सांगितलं जातं. पण आवाज, उजेड, गर्दी सहन न होऊन ज्याचा ताबा सुटलाय, त्याच्या तोंडासमोर अजून एक माणूस आणि एक यंत्र उभं करायचं? मोठा झाल्यावर तो मुलगा ते चित्रण बघेल, त्याच्या ओळखीचेही बघतील. त्याला कुणी विचारलं होतं? जो बोलत नाही त्यालाही विचारता येतं. चित्रं दाखवून, खुणांनी, वेळ देऊन. तो मान फिरवून उठून गेला, तर तेही उत्तरच आहे.

आणि भावंडांबद्दल बोला. 'लाइफ, ॲनिमेटेड'मध्ये ओवेनचा मोठा भाऊ वॉल्टर आहे. आईवडिलांनंतर सगळं आपल्यावर येणार, हे त्याला ठाऊक आहे. डिस्नेच्या गोष्टी चुंबनापाशी थांबतात, म्हणून पुढचं धाकट्याला समजावायला तो अवघडत बसतो. माझ्या आतेबहिणीने हा भाग माझ्याबरोबर बघितला. भावाची जबाबदारी पुढे तिच्यावर येणार, हे घरात कधीच उघडपणे बोललं गेलं नव्हतं. त्या रात्री ती आत्याशी पहिल्यांदा त्यावर बोलली.