शेवटच्या बाकावर कोणीतरी बसायला हवे

आज विभागाच्या बैठकीत एका तरुण सहकाऱ्यापुढे विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांचा कागद सरकवण्यात आला आणि ‘अध्यापनात सुधारणा आवश्यक’ एवढे ऐकवून पुढचा विषय घेण्यात आला. सुधारणा नेमकी कशात करायची आणि त्यासाठी मदत कोण करणार, याबद्दल कोणी अवाक्षरही काढले नाही. दोन वर्षांत त्याच्या एकाही तासाला आमच्यापैकी कोणी जाऊन बसलेले नाही. त्याचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही, आणि मीही त्या वेळी गप्प राहिले याचा संताप अधिक आहे.

प्रबंध लिहिताना आपल्याला मार्गदर्शक असतो, प्रकरण न प्रकरण कोणीतरी तपासून देतो, मात्र पीएच.डी. मिळाली की शिकवता येतेच असे गृहीत धरून आपण माणसाला भरल्या वर्गापुढे एकटे उभे करतो.

माझ्या पहिल्या वर्षी विभागातल्या एक ज्येष्ठ मॅडम मला विचारून माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. तास संपल्यावर त्यांनी वही पुढे केली. तीत मी विचारलेले अकरा प्रश्न उतरवलेले होते आणि प्रत्येकापुढे एक आकडा होता : १, १, २, १. प्रश्न विचारल्यावर मी किती सेकंद थांबले, याची ती नोंद होती. अकरापैकी नऊ प्रश्नांची उत्तरे मीच देऊन मोकळी झाले होते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने शाळांच्या वर्गांत हेच मोजले होते : शिक्षक साधारण १ सेकंद थांबतात, आणि ३ सेकंद थांबले तर उत्तरे सविस्तर येतात, एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. हे मी कार्यशाळेत ऐकले असते तर टिपून घेतले असते आणि विसरले असते. त्या वहीतले आकडे माझे होते, म्हणून ते विसरता आले नाहीत.

कार्यशाळा अगदीच निरुपयोगी असतात असे नाही, ज्येष्ठांना वेळ कमी पडतो हेही खरे. पण वर्षाकाठी एका सहकाऱ्याचे दोन तास पाहण्याइतका वेळ ज्या विभागाला काढता येत नाही, त्याला त्या सहकाऱ्याच्या हाती असा कागद देण्याचा अधिकार नाही.

मॅडमची ती वही विभागप्रमुखांकडे कधीच गेली नाही. ती गेली असती तर पुढच्या वेळी मी त्यांना तासाला बसू दिले नसते, किंवा बसू दिले असते आणि त्या दिवसापुरते नाटक केले असते. उलट पुढच्या आठवड्यात त्यांनी मला आपल्या तासाला बोलावले आणि तीच वही माझ्या हाती दिली. त्यांच्याही दोन प्रश्नांपुढे मी १ लिहिला. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, “हे दोन मला कळलेच नव्हते.”

मघाशी त्या सहकाऱ्याला फोन केला. तुझा तास पाहीन असे म्हटले नाही. गुरुवारी माझ्या तासाला ये, म्हटले. तो थोडा थांबला, मग “येतो, मॅडम” म्हणाला. वही मी काढून ठेवली आहे.