अंगात आलेली जर्मन म्हातारी

सांगलीत आमच्या विश्रामबागच्या सोसायटीत सध्या एक जर्मन म्हातारी राहते. भाडं देत नाही, मेंटेनन्स भरत नाही, दिसतही नाही. ती माझ्या अंगात येते.

मूळची ती स्टुटगार्टची. तिथं मी तिच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. रात्री १० ते सकाळी ६ आवाज करायचा नाही, हे तिकडं सगळीकडंच. पण रविवार म्हणजे अख्ख्या दिवसाचं मौनव्रत. दुकानं बंद, ड्रिल बंद, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायलासुद्धा बंदी, कारण खळ्ळकन वाजतं. एका रविवारी ओल्या नारळाची चटणी करायला मिक्सर लावला, तर खोबरं बारीक व्हायच्या आत दाराची बेल वाजली होती.

शिवाय केरवोखे. स्वाबियन, म्हणजे स्टुटगार्टकडच्या लोकांचं हे खास खूळ. आठवड्याच्या पाळीनं प्रत्येक बिऱ्हाडानं जिना झाडायचा, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकणार. शहरानं १९८८ साली कायद्यातली सक्ती काढून टाकली, पण हे आमच्या म्हातारीला कुणी कळवलं नसावं. मी जिना झाडला की ती कठड्याच्या खालच्या बाजूनं बोट फिरवून बघायची. त्या बोटाकडं बघत मी मनातल्या मनात अस्सल सांगलीच्या भाषेत जे बोललोय ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि आता तीच अंगात. पुष्पराज चौकात रात्री सिग्नल लाल, रस्त्यावर कुत्रं नाही, तरी माझी गाडी पांढऱ्या पट्टीच्या मागं उभी. मागून एकजण ओरडला, "काय पाव्हणं, झोप लागली व्हय?"

या दुखण्याला शास्त्राधार आहे. परक्या देशात माणूस आधी हरखतो, मग खचतो, मग रुळतो. १९६३ साली गुलाहॉर्न या अमेरिकी दांपत्यानं पुढं मांडलं की मायदेशी परतल्यावर तोच खेळ पुन्हा होतो, म्हणून आलेख इंग्रजी डब्ल्यूसारखा दिसतो. आईला मी हे नीट समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शनिवारी मीठ-मोहऱ्या उतरून टाकू."

उतरल्या. मिरच्यांचा खाट सुटला नाही म्हणजे दृष्ट जबर होती, एवढं निदान झालं. म्हातारी जागची हलली नाही.

उलट दुसऱ्या दिवशी तिनं जोर धरला. वरच्या काकांनी बाथरूमचं काम काढलंय. भर रविवारी दुपारी फरशी कापायचं मशीन सुरू झालं आणि मी ताडताड जिना चढून वर गेलो. तोंडात अख्खं भाषण तयार होतं. काकांनी दार उघडलं. "आलास? देवासारखा आलास बघ. गवंडी जेवायला बसतोय, तेवढं टेपचं टोक धर." मी धरलं. मग म्हणाले, "आता जरा खाली. हां. जर्मनीत फरशी आडवी लावतात का उभी?" काकूंनी चहा आणला, वाटीत भडंग दिलं. तासाभरानं खाली आलो तेव्हा केसांत सिमेंट होतं आणि तक्रार तोंडातच राहिली होती.

मग म्हातारीनं सोसायटीची मीटिंग गाठली. मी केरवोखेची योजना मांडली. सगळ्यांनी माना डोलावल्या; आपल्याकडं योजनेला कुणी नाही म्हणत नाही. पाटी तयार झाली, पहिल्या दाराला लागली. आठवड्यानं बघतो तर पाटीवर खडूनं 'दूध अर्धा लिटरच' आणि खिळ्याला लिंबू-मिरची. जिना झाडणाऱ्या मावशी तेवढ्या रडवेल्या होऊन विचारायला आल्या, "दादा, माझं काय चुकलं?" त्यांची समजूत घालताना पाटी मीच काढून टाकली.

कचऱ्यात मात्र ती हरली. तिकडच्यासारखे पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी काचेचे वेगवेगळे डबे मी गॅलरीत मांडले. आईनं त्यातली पांढरी बाटली उचलली, "ही लोणच्याला लागेल." दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत होत्या, त्या भंगारवाल्याला जाणार. तेलाच्या डब्यात कढीपत्ता लागलेला. तिकडं प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीमागं २५ सेंट परत मिळतात, हे मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. आई म्हणाली, "पण ते तुझेच ना? आधी घेतलेले?"

म्हातारी दोन दिवस गप्प होती.

काकांच्या वरच्या कामाला मात्र मी आता कायमचा लागलोय. त्यांचं म्हणणं, पोरगं जर्मनीला राहून आलंय, टेप सरळ धरतं. गेल्या रविवारी गीझर बसवायचा होता. "दोनला ये," असं बजावलं होतं. मी आपला सवयीनं पाच मिनिटं आधीच दारात. बेल दाबली. काकूंनी दार बोटभर उघडलं.

"अरे हळू," त्या कुजबुजल्या, "दुपारची वेळ आहे. ह्यांचा आत्ताच डोळा लागलाय. लोकांच्या झोपेचा जरा विचार करावा रे."