पिकअपला ‘मोठा कॅम’ कशाला?

नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांमध्ये सध्या एक व्हिडिओ फिरतोय. अमेरिकेतली जुनी पेट्रोल पिकअप, बॉनेट उघडं, व्ही-8 इंजिन उभ्या जागी धडक-धडक डुलतंय, आणि खाली मराठीत मजकूर : ‘जुन्या पिकअपला मोठा कॅम टाका. ताकद वाढते, मायलेज वाढतं, दुसरं काही बदलावं लागत नाही.’ मला तो चार जणांनी पाठवला. चौघांच्याही गाड्या डिझेल.

‘ताकद वाढते’ हे अर्धं खरं. कॅम म्हणजे हवा आत घेणारे (इनटेक) आणि धूर सोडणारे (एक्झॉस्ट) व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवट्यांचा (लोबचा) दांडा. मोठा कॅम व्हॉल्व्ह जास्त उंच (लिफ्ट) आणि जास्त वेळ (ड्युरेशन) उघडा ठेवतो. इंजिन जोरात फिरताना हवेला आत शिरायला वेळ पुरत नाही, तेव्हा हे कामी येतं. कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरताना, मात्र पिस्टन वर यायला लागला तरी इनटेक उघडाच, म्हणून आत घेतलेली हवा परत मॅनिफोल्डात (हवेच्या नळीत) जाते. खेच खालून काढून वर नेऊन ठेवली, एवढंच. आता सावनेरवरून छिंदवाड्याकडे पोती भरून सिल्लेवानीचा घाट चढा. इंजिन दोन हजारांच्या आसपास फिरत असतं, खेच तिथं हवी. शिवाय डिझेलचा गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) ठरल्या आरपीएमला डिझेल तोडतो, त्यामुळे वरची खेच हाती लागायचीच नाही. अमेरिकेतसुद्धा ट्रेलर ओढणारे व्हिडिओतला कॅम घेत नाहीत. शेवरलेच्या 350 घनइंची व्ही-8 ला ते ‘आरव्ही कॅम’ नावाचा सौम्य कॅम टाकतात, 0.050 इंच लिफ्टवर मोजलेलं इनटेकचं ड्युरेशन साधारण 204 अंश.

‘दुसरं काही बदलावं लागत नाही’ यावर तर मी भांडायला तयार आहे. डायरेक्ट इंजेक्शन डिझेलमध्ये पिस्टन वर आला की हेडपासून (इंजिनाच्या वरच्या झाकणापासून) त्याचं अंतर जेमतेम हेड गॅस्केटच्या जाडीएवढं. तेव्हा व्हॉल्व्ह जास्त उघडा राहिला तर पिस्टन त्याला ठोकणार. ठोकला नाही तरी इनटेक उशिरा मिटल्यानं दाब घटतो, आणि डिझेल पेटतं ते दाबाच्या उष्णतेनंच. जानेवारीत नागपूरचा पारा दहाच्या खाली गेला की सकाळी सेल्फ मारत बसा, पांढरा धूर बघत. पेट्रोलवाल्यांचीही सुटका नाही. नव्या कॅमवर जुने टॅपेट (लोब आणि व्हॉल्व्हच्या मधला भाग) ठेवले तर लोब खाल्ला जातो.

माझी स्वतःची गाडी, अडीच लिटरचं बिनटर्बो डिझेल, गेल्या वर्षी त्याच घाटात दम टाकू लागली. मलाही कॅमचीच हुक्की आली होती. मिस्त्री म्हणाला, “काऊन भाऊ, आधी हाये तो तं पाहू द्या.” टॅपेट कव्हर काढून त्यानं एकेका व्हॉल्व्हवर डायल गेज (व्हॉल्व्ह किती उघडतो ते मोजायचं माप) लावलं आणि क्रँक हातानं फिरवली. बाकी सगळे जवळपास सारखे. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट मात्र दीड मिलिमीटर कमी उघडत होता. कॅम बाहेर आला तेव्हा त्या लोबचं टोक चपटं, कड नखाला लागत होती, आणि खालच्या टॅपेटला खड्डा. मूळ मापाचाच नवा कॅम, आठही टॅपेट नवे, फिलर गेजनं क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) लावला. जिथं दुसरा टाकावा लागायचा तिथं आता तिसऱ्यात चढते.

मला वाटतं, या मेसेजचं गुपित इथंच आहे. झिजलेला कॅम काढून कोणताही नवा टाकला तरी फरक जाणवतो, आणि श्रेय जातं त्याच्या मोठेपणाला.

व्हिडिओतला तो आवाजही ताकदीचा नाही. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त उघडे राहतात, जळका धूर ताज्या मिश्रणात मिसळतो आणि आयडलिंगला इंजिन चुकतं. पेट्रोल गाडीत सोबत इंजिनाचा व्हॅक्यूम (ब्रेकला मदत करणारं शोषण) कमी होतो, सर्व्हो ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं. आमच्या डिझेलांना ही एक भीती नाही, त्यांचा व्हॅक्यूम पंप बहुधा अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. मायलेजचं काय बोलायचं? कमी आरपीएमला कार्ब्युरेटरचं थोडं मिश्रण न जळताच सायलेन्सरातून जातं.

पेट्रोल इंजिन असेल, कंप्रेशन वाढवलं असेल, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टही त्या जोडीचे असतील, तर कॅम जरूर बघा. पण आधी दुकानदाराला लिफ्ट आणि ड्युरेशन विचारा. ‘फुल रेस आहे’ एवढंच उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.