म्हैस ब्रँड बिअर

शनिवारपासून आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या कंपूत माझ्या घरच्या बिअरचं नाव 'म्हैस ब्रँड' पडलंय आणि त्याला सर्वस्वी आमचे सासरे जबाबदार आहेत.

बाटल्या भरायच्या होत्या म्हणून मित्र बेसमेंटमध्ये जमले होते, अप्पाही टीव्हीला कंटाळून जिना उतरून आले. मी बादलीत १९ लिटर गार पाणी घेऊन त्यात मोजून १५ मिली आयोडोफोर टाकत होतो. आयोडीनचं सॅनिटायझर. एवढ्यात १२.५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत साडेबारा भाग आयोडीन होतं, आधी घासून घेतलेल्या बाटल्या, नळ्या, बुचं दोन मिनिटं बुडवायची, निथळू द्यायची, परत धुवायची नाहीत. गरम पाणी घेतलं तर आयोडीन उडून जातं, आणि पाण्याचा तांबूस रंग गेला की त्याचा दम संपला. हे सगळं मी जरा भाव खात सांगत होतो, लोक माना डोलवत होते, तेवढ्यात अप्पांनी औषधाची बाटली उचलली, लेबल न वाचता झाकण उघडून वास घेतला, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की नायगारा बघतानासुद्धा खुलला नव्हता.

"अहो जावईबापू, हे तर सडाचं औषध!"

"कसलं?"

"सड हो, म्हशीचे! धार काढली की यात बुडवायचे, नाहीतर कासेला दगडी होते, कास सुजते."

अप्पांची सगळी नोकरी सांगली जिल्ह्यात जनावरांच्या दवाखान्यात गेली. मित्र सगळे पुणे-डोंबिवलीचे, त्यांना दुधाची पिशवी माहिती. मग त्यांना कळावं म्हणून अप्पांनी हाताची चार बोटं खाली लोंबती सोडली आणि एकेक करून माझ्या मेजरिंग कपात बुडवून दाखवली. माझ्या. निर्जंतुक. कपात. वर म्हणाले, "पुढचे दोन, मागचे दोन. मागच्यांना जास्त जपायचं, लाथ बसते."

मी म्हटलं, "अप्पा, ते वेगळं, हे बिअरचं आहे."

"किती टक्के?"

"साडेबारा पीपीएम."

"आम्ही पाच हजार वापरायचो. साडेबारानं काय व्हतंय!" आणि मग मुद्द्यावर आले, "धुणार कधी?"

"धुवायचं नसतं."

बेसमेंटमध्ये शांतता. अप्पांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "धारेच्या आधी सडाला लावलं तर आम्ही कोरड्या फडक्यानं पुसून घेतो, दुधात उतरू नये म्हणून. आणि तुम्ही न धुता पिणार?"

चिडचिड याची होते की माणूस खोटं बोलत नव्हता. आयोडोफोर डेअरीत सर्रास वापरतात, सडांनाही आणि दुधाच्या भांड्यांनाही. आणि बेटाडीन? तोही आयोडोफोरच, ते लावून ऑपरेशनं करतात. पण डॉक्टरचं औषध म्हटलं की लोक मान देतात आणि म्हशीचं म्हटलं की ग्लास खाली ठेवतात, हा काय न्याय झाला?

विषय बदलावा म्हणून मी कायद्यावर गेलो. १९७८ साली जिमी कार्टरनी सही केली म्हणून अमेरिकेत घरी बिअर करता येते, घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. अप्पांनी लगेच हिशोब केला, "म्हणजे निम्मी दारू आमच्या लेकीच्या नावावर?" लेक जिन्यातच उभी होती. तिने वडिलांसमोर ओट्यावरचा तांबडा डाग, पिवळी पडलेली प्लास्टिकची नळी आणि माझी बोटं अशी सगळी यादी वाचली. शिवाय, "घरची भांडी घासताना ही शिस्त कुठे जाते?" हे होतंच. बिअर करणं म्हणजे नव्वद टक्के भांडी घासणं, हे कुठलाच हौशी माणूस आधी सांगत नाही. त्या नव्वद टक्क्यांचं कौतुक घरात कोणाला नाही, आणि उरलेल्या दहा टक्क्यांवर अप्पांनी म्हैस बसवली.

कोणी प्यायलं नाही. चहा झाला, तोही अप्पांनी केला, वेलची घालून. जाताना बाटली घेऊन जा म्हटलं तर एकाला गाडी चालवायची होती (घरी जाऊन पी ना रे!) आणि एकाचा अचानक शनिवार निघाला.

रविवारी त्यांच्यातल्याच एकाचा फोन. मला वाटलं सॉरी म्हणेल. त्याला अप्पा हवे होते. कुत्र्याच्या पायाला जखम झालीये, ते जावयाचं आयोडीन लावू का? अप्पा स्पीकरवर, खणखणीत आवाजात, "नको नको, ते नको, त्यात अ‍ॅसिड पण असतं. साधं बेटाडीन पातळ करून लाव."

बरोबरच आहे, त्यात फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं. पण आता ग्रुपवर फिरतंय की कुत्र्याच्या पायाला जे चालत नाही ते हा बिअरच्या बाटलीत न धुता ठेवतो. अरे साडेबारा पीपीएम, १९ लिटरला १५ मिली, निथळून! टाइप करून करून बोटं दुखली, तर खाली रिप्लाय काय, म्हशीचा इमोजी.